स्कझीची साखळी नशिबावर चालत नाही

स्कझी (SCSI) म्हणजे डिस्क, स्कॅनर वगैरे संगणकाला एकामागोमाग एक साखळीत जोडण्याची जुनी पद्धत. टर्मिनेशन म्हणजे त्या केबलला टर्मिनेटर, म्हणजे सिग्नल शोषून घेणारा जोड, लावणं. असे जुने मॅक, सॅम्पलर (आवाजाचे नमुने वाजवणारी यंत्रं) आणि स्कॅनर चालू ठेवणाऱ्यांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय: ‘स्कझीचं टर्मिनेशन म्हणजे नशिबाचा खेळ. छोट्या साखळीला ते लागत नाही. अडलंच तर सगळ्या डिस्कवर लावा, नाहीतर मोठ्या आयडीच्या डिस्कवर. मशीन बूट झालं की काम झालं.’ हे ऐकून कुणी जुनी डिस्क गमावू नये, म्हणून लिहितोय.

सुरुवात आयडीपासून. आयडी आणि टर्मिनेशन यांचा काहीही संबंध नाही. आयडी म्हणजे पत्ता. त्यावरून बस, म्हणजे सगळ्यांची सामाईक तारांची वाट, आधी कुणाला मिळणार हे ठरतं. ७ सर्वांत वरचा, म्हणून तो सहसा कंट्रोलरकडे, म्हणजे संगणकातल्या स्कझी कार्डाकडे असतो. टर्मिनेटर लागतो केबलच्या दोन्ही प्रत्यक्ष टोकांना, मग तिथल्या डिस्कचा आयडी ० असो की ५. कार्डाला आतली आणि बाहेरची अशा दोन्ही केबली जोडल्या असतील, तर कार्ड साखळीच्या मध्ये येतं आणि त्याचं टर्मिनेशन बंद करावं लागतं. हे फार जण विसरतात.

‘सगळीकडे लावा’ हा त्यातला सर्वांत घातक भाग. साध्या पॅसिव्ह (नुसत्या रोधकांच्या) टर्मिनेटरमध्ये प्रत्येक सिग्नल २२० ओहमने ५ व्होल्टला आणि ३३० ओहमने ग्राउंडला बांधलेला असतो. डिव्हाइस ती तार खाली ओढतं, तेव्हा एका टर्मिनेटरमागे सुमारे २२ मिलिअँपिअर प्रवाह त्याला गिळावा लागतो. दोन टर्मिनेटरचे होतात ४५च्या आसपास, आणि ड्रायव्हरकडून (डिव्हाइसमधल्या तार ओढणाऱ्या सर्किटकडून) मानकाची अपेक्षा ४८ची आहे. म्हणजे हिशेब मुळातच दोनाचा आहे. तिसरा लावलात की आकडा ६५च्या पुढे जातो.

छोट्या साखळीत तरी टर्मिनेटर कशाला? कारण सिग्नल उघड्या टोकावरून परत फिरतो आणि मागून येणाऱ्या सिग्नलवर आदळतो. केबल आखूड असली की प्रतिध्वनी लवकर विरतो, म्हणून संथ डिस्क कधीकधी चालून जाते. पण सोडून दिलेली तार वर खेचून धरण्याचं कामही टर्मिनेटरचंच असतं, आणि ते केबल आखूड केल्याने होत नाही. शिवाय टर्मिनेटरला वीज लागते. मॅक प्लस ती पुरवतच नाही. साखळीतल्या दुसऱ्या कुणी दिली नाही, तर लावलेला टर्मिनेटर नुसता शोभेला.

बूट होणं हा पुरावा नव्हे. रिक्वेस्ट-अॅकनॉलेजच्या (प्रत्येक बाइटच्या देवाणघेवाणीची खूण करणाऱ्या) तारांवर एक खोटी कड उमटली तरी बाइटची मोजणी चुकते. पॅरिटीला (बाइटसोबत जाणाऱ्या तपासणीच्या बिटाला) एका बाइटमधल्या दोन बिटांची चूक दिसत नाही. बूट होताना वाचला जातो थोडासा भाग. मोठी फाइल कॉपी करताना खरं काय ते कळतं. जुन्या डीटीपी ऑफिसातल्या एकुलत्या एका कार्ट्रिजवर हा प्रयोग करू नका.

लांबीचीही मर्यादा आहे: सिंगल-एंडेड (प्रत्येक सिग्नल ग्राउंडच्या तुलनेत एकाच तारेवर मोजणाऱ्या) साखळीत एकूण ६ मीटर, फास्ट स्कझीत (तिच्या वेगवान प्रकारात) ३. आतली रिबनही त्यात धरायची. मधूनच फाटा काढायचा नाही आणि शेवटच्या डिस्कपुढे रिबनचं शेपूट लोंबकळत ठेवायचं नाही.

अल्ट्रा-२ (स्कझीची नंतरची आवृत्ती) आणि पुढच्या एलव्हीडी (कमी व्होल्टेजवर प्रत्येक सिग्नलला तारांची जोडी वापरणाऱ्या) डिस्कवर टर्मिनेशनचा जंपर (पिना जोडणारी छोटी टोपी) शोधत बसू नका, बहुतेक डिस्कवर तो नसतोच. केबलच्या टोकाला वेगळा एलव्हीडी टर्मिनेटर लावा. त्याच केबलवर एक जरी सिंगल-एंडेड डिस्क टाकलीत, तर सगळी बस जुन्या पद्धतीवर उतरते आणि १२ मीटरची मुभाही जाते.