कच, डस्ट, क्रश सँड... नेमकं काय देताय ते सांगा ना!

डोकं फिरलंय अक्षरशः. प्लास्टरसाठी क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) सांगितली होती, फोनवर परत परत सांगितलं की धुतलेली पाहिजे, आणि डंपरवाल्याने दारात ओतलं काय तर कच, खडीचा चुरा! मूठभर घेऊन चोळली तर सगळा तळहात राखाडी, नुसतं पीठ. ड्रायव्हर म्हणतो "आमच्याकडं हिलाच क्रश म्हणतात". क्रशरवाल्याला फोन लावला तर तो वर मलाच विचारतो, "तुम्ही एम सँड कुठं म्हणाला होता?" अरे मग क्रश सँड आणि एम सँड (मॅन्युफॅक्चर्ड सँड) वेगळी कधीपासून झाली?? आणि रेट लावताना बरोबर क्रशचा लावला, ब्रासमागे (100 घनफुटांमागे) एक रुपया कमी नाही, तिथं नावाचा घोळ होत नाही यांचा!

इंजिनिअर कागदावर लिहितो आर्टिफिशियल सँड, सरकारी जीआरमध्ये कृत्रिम वाळू, कॉन्ट्रॅक्टर म्हणतो क्रश, गवंडी अजून नुसतं वाळू म्हणतो. कच म्हटलं की एकाच्या डोक्यात बारीक खडी येते आणि दुसऱ्याच्या डोक्यात पावडर. विदर्भात जा, खडीची गिट्टी होते आणि कचेची चुरी. गावागावात बोली वेगळी असणारच, त्याबद्दल काही म्हणणं नाही, पण एकाच तालुक्यातले दोन क्रशरवाले एकाच मालाला दोन नावं आणि दोन मालाला एकच नाव देतात तेव्हा तो बोलीचा प्रश्न राहत नाही, सरळ सरळ फसवणूक आहे.

कारण माल खरंच वेगळा आहे हो. खडी फोडताना खाली जो चुरा पडतो ती डस्ट, माझ्या दारात पडली तीच. क्रश सँड मुद्दाम तयार करतात, व्हीएसआय (व्हर्टिकल शाफ्ट इम्पॅक्टर) मशीनमध्ये दगडावर दगड आपटून, त्यात दाण्याच्या कडा मोडतात, आकार बरा येतो, मग चाळतात आणि प्लास्टरची असेल तर धुतात. डस्टमध्ये चपटे दाणे आणि पीठ जास्त, त्यामुळे ती पाणी पिते, मग गवंडी पाणी वाढवतो, माल ढिला होतो आणि वाळताना भिंतभर केसासारख्या भेगा. त्यावर कितीही भारी पुट्टी मारा, भेगा मूळ प्लास्टरमध्येच असतात, त्या कुठं जाणार?

बरं नियम नाहीत असंही नाही. आयएस 383 या काँक्रीटच्या खडी-वाळूच्या भारतीय मानकात दगड फोडून केलेल्या वाळूचंही दिलंय, 75 मायक्रॉनपेक्षा बारीक माल, म्हणजे हे पीठ, 15 टक्क्यांच्या वर नको असंसुद्धा. पण बिलावर काय लिहून येतं? "सँड". बस्स. भांडायला गेलं की म्हणतात सँडच दिलीय की.

नदीची वाळू मिळत नाही, मिळाली तर परवडत नाही, म्हणून लोक नाईलाजाने इकडं वळलेत, आयुष्यभराची कमाई घालून, वर कर्ज काढून घर बांधतात. त्यांनी काय दर डंपरमागे लॅबमध्ये पळायचं का?

नाव तुम्हाला पाहिजे ते ठेवा, पण पावतीवर धुतलेली का बिनधुतलेली, किती एमएमच्या खालची, खडीचा चुरा आहे का व्हीएसआयचा माल, एवढं लिहून द्या. आणि डंपर वर उचलायच्या आधी एक घमेलं काढून दाखवा, पसंत नसेल तर तसाच भरलेला परत न्या, भाड्यासकट तुमच्या खर्चाने.