आजीला कुणी विचारलं होतं?

परवा नागपुरात सक्करदऱ्याला नातेवाइकांकडे वास्तूचं जेवण होतं. जेवणं झाली, सुपारीची तबकं फिरली आणि विषय निघाला. एक चांगले शिकलेले गृहस्थ म्हणाले, "मानवाधिकार, व्यक्तिस्वातंत्र्य हे सगळं बाहेरून आलेलं आहे. आपली संस्कृती कर्तव्याची." बऱ्याच माना डोलल्या. कार्य दुसऱ्याच्या घरचं, म्हणून मी गप्प बसले. पण मनातून जात नाही, म्हणून लिहिते आहे.

हा युक्तिवाद नवा नाही. १९९३ साली बँकॉकला आशियाई सरकारांनी जाहीरनामा काढला, त्यात मानवाधिकारांचा विचार करताना प्रत्येक देशाचा इतिहास, संस्कृती, धर्म लक्षात घ्यावा असा आग्रह होता. सिंगापूरचे पहिले पंतप्रधान ली क्वान यू या विचाराचे मोठे पुरस्कर्ते. त्यांना १९९४ साली उत्तर दिलं ते दक्षिण कोरियाचे लोकशाहीवादी नेते किम दे-जुंग यांनी. लष्करी राजवटीनं १९८० साली याच माणसाला फाशीची शिक्षा सुनावली होती. लोकशाहीची मुळं आशियाच्या स्वतःच्या विचारातही आहेत, हे त्यांनी ठासून मांडलं. आशिया म्हणजे फक्त त्याचे राज्यकर्ते नव्हेत, तुरुंगात गेलेलेही आशियाईच.

आणि नागपुरात बसून हे बाहेरचं आहे असं कसं म्हणवतं? स्वातंत्र्य, समता, बंधुता ही त्रयी आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून घेतलेली नाही, बुद्धाकडून घेतली, असं बाबासाहेबांनी १९५४ साली आकाशवाणीवरून सांगितलं होतं. दोनच वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, त्यांनी लाखोंसह धम्मदीक्षा घेतली ती याच शहरात. त्याच्याही आधी, जुलै १९४२ मध्ये इथे दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली होती. बायकोला घटस्फोटाचा हक्क हवा, नवऱ्यानं एकीवर दुसरी आणणं बंद व्हावं, असे ठराव त्या बायकांनी केले. हिंदू विवाह कायदा आला १९५५ साली. म्हणजे आपल्या बायका तेरा वर्षं आधीच मागत होत्या. ती मागणी त्यांना कुणी परदेशातून शिकवली नव्हती, घरातच शिकल्या होत्या त्या.

आता माझं. २००३ साली मी विशेष विवाह कायद्याखाली लग्न केलं, मुलगा दुसऱ्या जातीचा. या कायद्यात तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि ती कचेरीत सगळ्यांना दिसेल अशी लावतात. फलकावर माझं नाव, वय, पत्ता. कुणीतरी वाचलं आणि आमच्या काकांना फोन केला. त्या रात्री घरात चूल पेटली नाही. काका एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, "आपल्या संस्कारात हे बसत नाही."

आजी कोपऱ्यात गहू निवडत बसली होती. तेराव्या वर्षी लग्न झालेली, नवरा पाहिला तो अंतरपाट दूर झाल्यावर. सूप बाजूला ठेवून म्हणाली, "मले कोनं इचारलं होतं रे? पोरीले त इचारा."

लग्नाला तीन साक्षीदार लागतात. दोन मैत्रिणी होत्या, तिसरी आजी. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकलेली सही ती एकेक अक्षर सुटं काढत करायची. शेवटचं अक्षर चौकटीबाहेर गेलं, तशी घाबरून साहेबांकडे पाहू लागली. "चालते, आजी," ते म्हणाले.

काकांबद्दल एक सांगितलंच पाहिजे. पुढे बाबांचं ऑपरेशन झालं, तेव्हा अकरा रात्री तेच दवाखान्यात बाकड्यावर झोपले. घर धरून ठेवण्याची ही माया खरी आहे आणि मला ती हवी आहे. पण त्या मायेच्या बदल्यात माझा होकार-नकार कुणी मागू नये. काकांना जी संस्कृती वाटते ती माझीही आहे, आणि आजीची तर आम्हा दोघांच्याही आधीपासून.

ती फलकावरची नोटीस जायला हवी, असं माझं ठाम मत आहे. नोटीस लावायची की नाही हे जोडप्यावर सोडावं, असं अलाहाबाद उच्च न्यायालयानं जानेवारी २०२१ मध्ये म्हटलं आहे. कायद्यातलं कलम मात्र आहे तिथेच आहे. सज्ञान मुलीचा पत्ता महिनाभर भिंतीवर टांगून आपण कुणाला बोलावतो आहोत? माझ्या वेळी फक्त फोन आला. काहींच्या दारात माणसं येतात.

पुढच्या जेवणाला ते गृहस्थ भेटतीलच. या वेळी गप्प बसणार नाही. आजीचं सांगेन त्यांना.