दुष्काळाआधीच न्यूसेसकाठी वसलेले आयरिश गाव

आयरिश स्थलांतराविषयीचा एक मजकूर सध्या सर्वत्र फिरतो आहे. आयरिश माणूस अमेरिकेत गेला तो १८४५ च्या बटाट्याच्या दुष्काळामुळे, रिकाम्या हाताने. तिथल्या शहरांत तो मजुरी करत राहिला आणि शेतीकडे पुन्हा वळलाच नाही, असा त्याचा आशय आहे. त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली, त्याहून अधिक देशोधडीला लागली आणि अमेरिकेत पोचलेल्यांतील बहुतेक शहरांतच राहिली, हे खरे आहे. परंतु त्यावरून सगळा इतिहास एका दुष्काळाच्या नावावर मांडणे हा टेक्सासमधील न्यूसेस नदीकाठच्या सान पॅट्रिसिओ या गावावर अन्याय आहे.

पहिली चूक काळाची. जॉन मॅकमलन आणि जेम्स मॅकग्लॉइन या दोघा आयरिश माणसांनी दोनशे कुटुंबे वसवण्याचा करार केला तो १८२८ साली, आणि तोही मेक्सिकोच्या राज्यसत्तेशी, कारण टेक्सास तेव्हा मेक्सिकोत होते. पहिले वसाहतकरी १८२९ च्या अखेरीस समुद्रमार्गे आले, काही काळ रेफ्युजिओच्या जुन्या मिशनच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रसारकांच्या ठाण्याच्या, आश्रयाने राहिले आणि मग न्यूसेसकाठी गेले. १८३१ मध्ये त्यांना जमिनीच्या सनदा मिळू लागल्या, तेव्हा दुष्काळ अजून चौदा वर्षे दूर होता.

शेतीविषयीचे विधान तर वस्तुस्थितीच्या नेमके उलट आहे. यांतील पहिले लोक न्यू यॉर्कहून निघाले होते, म्हणजे शहर पाहूनच त्यांनी जमिनीची वाट धरली. मेक्सिकोला उत्तर सीमेवर वस्ती हवी होती, वसाहतीच्या कायद्याला कॅथलिक माणसे हवी होती, आणि बहुतेक आयरिश लोक मुळातच कॅथलिक होते. त्यामुळे गुरे पाळणाऱ्या कुटुंबाला चराई आणि शेती मिळून सुमारे ४,६०० एकर जमीन मिळत असे. मायदेशी दुसऱ्याची जमीन खंडाने कसणाऱ्या माणसाला एवढ्या मालकीची कल्पनाही करता आली नसती. (हा मुलूख ओसाड नव्हता, लिपान अपाची या मूळ रहिवासी लोकांचा वावर तिथे आधीपासून होता, हेही सांगितले पाहिजे.) घरे मात्र साधी होती: जमिनीत ओळीने रोवलेले लाकडी खांब, मधल्या फटींत लिंपलेली माती आणि वर गवताचे छप्पर, म्हणजे आपण ज्याला कुडाचे घर म्हणतो तसेच.

त्याच मजकुरात पुढे टेक्सासमधील आयरिश एकमुखाने मेक्सिकोविरुद्ध उठले असेही म्हटले आहे, आणि मला हे विधान सर्वांत घातक वाटते. शेजारच्या रेफ्युजिओ वसाहतीचे जेम्स पॉवर यांनी १८३६ मध्ये टेक्सासच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही केली, हे खरेच. पण नोव्हेंबर १८३५ मध्ये गावाजवळच्या लिपांतित्लान किल्ल्यापाशी झालेल्या लढाईत सान पॅट्रिसिओचे काही आयरिश रहिवासी मेक्सिकोच्या बाजूने उभे होते. ज्या सरकारने जमीन दिली, त्याच्याशी घेतलेली शपथ त्यांनी पाळली. याला फितुरी म्हणता येत नाही. २७ फेब्रुवारी १८३६ च्या पहाटे मेक्सिकोच्या जनरल उर्रेआने गावातील टेक्सन बंडखोरांच्या तुकडीवर छापा घातला, तेव्हा मेक्सिकोच्या पाठीराख्यांनी आपली घरे ओळखू यावीत म्हणून दिवे तेवत ठेवले होते, अशी कथा सांगतात. या युद्धाने गाव उठले, आणि १८४५ मध्ये अमेरिकी सैन्य कॉर्पस क्रिस्टीला आल्यानंतर ते पुन्हा वसू लागले. पुढे रेल्वे गावाला वळसा घालून गेली आणि १८९० च्या दशकात काउंटीचे, म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारख्या विभागाचे, मुख्यालय सिंटनला हलले. गाव मागे पडले ते यामुळे.