‘क्लोन केलं की सगळं वेगळं’? तसं नाही!

सोलापुरातल्या इंजिनिअरिंगच्या मुलांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘जावात क्लासला क्लोनेबल लावा, क्लोन बोलवा, ऑब्जेक्टची पूर्ण स्वतंत्र कॉपी मिळते.’ अर्धंच खरं आहे. (जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा; क्लास म्हणजे साचा, ऑब्जेक्ट म्हणजे त्या साच्यातून बनलेली, माहिती ठेवणारी वस्तू.)

चादरीच्या ऑर्डरचं ऑब्जेक्ट घ्या. आत नग ५० आणि रंगांची यादी. क्लोन करून कॉपीत नग २०० केले. मुळात ५०च राहिले. इथपर्यंत मेसेज बरोबर वाटतो. आता कॉपीच्या यादीत ‘मोरपंखी’ घाला आणि मूळ ऑर्डर छापून बघा. मोरपंखी तिथंही! यादीची नक्कल झालीच नाही, फक्त तिचा पत्ता उतरवला गेला. माग दोन, पण नक्षी ठरवणाऱ्या पंचकार्डांची माळ एकच, असा प्रकार.

क्लोनेबलमध्ये तर एकही मेथड (बोलावता येणारं काम) नाही. ती नुसती खूण. ती नसताना ऑब्जेक्ट क्लासचं क्लोन चालवलं तर एक्सेप्शन (प्रोग्रॅम चालताना येणारी चूक) येतं. शिवाय त्या क्लोनमध्ये कन्स्ट्रक्टर (नवं ऑब्जेक्ट बनताना एरवी चालणारा कोड) चालत नाही, हे व्हायवात हमखास विचारतात.

यादी वेगळी हवी असेल तर क्लोन ओव्हरराइड करून, म्हणजे आपल्या क्लासमध्ये नव्यानं लिहून, तिची नवी प्रत तुम्हीच बनवायची. मी तर सरळ कॉपी कन्स्ट्रक्टर लिहितो, म्हणजे जुनं ऑब्जेक्ट घेऊन त्यावरून नवं बनवणारा कन्स्ट्रक्टर. पायथॉनवाल्यांचं बरंय, त्यांच्याकडे कॉपी (वरवरची) आणि डीपकॉपी (आतल्या यादीसकट) अशी दोन वेगळी नावंच आहेत.