दुबईत आठ-दहा तास आहेत? मग बुर्ज खलिफा राहू द्या, अब्रात बसा

युरोप-अमेरिकेला जाताना दुबईत आठ-दहा तासांचा थांबा मिळाला की सल्ले सुरू होतात. बुर्ज खलिफावर चढ, दुबई मॉल बघ, जमलं तर डेझर्ट सफारी कर. एवढ्या वेळेसाठी हे तिन्ही सल्ले चुकीचे आहेत, असं माझं स्पष्ट मत आहे. मेट्रोनं खाडीकाठचं डेरा गाठायचं, अब्रातून, म्हणजे लाकडी बोटीतून, खाडी ओलांडायची, पलीकडच्या बर दुबईतल्या जुन्या वस्तीत पायी फिरायचं आणि मेट्रोनंच परत यायचं. थांबा छोटा असेल तर दुबई अशीच बघावी.

आधी वेळेचा हिशेब मांडू. थांबा १० तासांचा आहे. विमानातून उतरून इमिग्रेशनच्या बाहेर पडेपर्यंत एक तास धरा. परतीच्या विमानाच्या तीन तास आधी विमानतळावर हजर व्हायचं. जाण्यायेण्याचा मिळून एक तास. हातात उरले पाच तास. थांबा आठ तासांचा असेल तर उरतात तीन, आणि सहाचा असेल तर जेमतेम एक, म्हणजे बाहेर पडूच नका. परतीचे तीन तास कुणाला जास्त वाटतील, पण बाहेर पडलात म्हणजे पासपोर्ट तपासणी आणि सिक्युरिटी पुन्हा पहिल्यापासून. वर टर्मिनल १ वरून डी गेटला आणि टर्मिनल ३ वरून ए गेटला जायला आतली छोटी ट्रेन पकडावी लागते. गेट तर विमान सुटायच्या वेळेच्या बरंच आधी बंद होतं.

दुबईचं घड्याळ भारताच्या दीड तास मागे आहे आणि बोर्डिंग पासवर छापलेली वेळ दुबईची असते. फोनला नेटवर्क नसेल तर तो भारताचीच वेळ दाखवत राहतो. उतरल्या उतरल्या घड्याळ हातानं बदला, नाहीतर दिवसभर मनातल्या मनात बेरीज-वजाबाकी चालू राहते आणि दमलेल्या डोक्याची एखादी वजाबाकी चुकतेच.

व्हिसा हा सगळ्यात मोठा अडसर. भारतीय पासपोर्टवर दुबईत उतरून सरसकट व्हिसा मिळत नाही. थांब्यासाठी ४८ तासांचा आणि ९६ तासांचा असे दोन ट्रान्झिट व्हिसा असतात आणि ते विमान कंपनीमार्फत आधीच काढावे लागतात. अमेरिकेचा वैध व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल, किंवा ब्रिटन-युरोपातला वास्तव्याचा परवाना असेल, तर उतरल्यावर व्हिसा मिळण्याची सोय आहे. दोन्हीकडे पासपोर्ट किमान सहा महिने वैध हवा. काउंटरवर जाऊन बघू, असं म्हणत निघू नका. तिकिटं दोन वेगळ्या कंपन्यांची, वेगवेगळी काढलेली असतील तर जास्तच जपा. सामान पुढच्या विमानात आपोआप जात नसेल, तर ते घ्यायला इमिग्रेशनच्या बाहेर यावं लागतं, आणि मग फिरायचं नसलं तरी व्हिसा लागतो.

तिकिटावर टर्मिनल कोणतं आहे हेही बघून ठेवा. टर्मिनल १ आणि ३ ला मेट्रोचं स्टेशन थेट जोडलेलं आहे. टर्मिनल २ धावपट्टीच्या पलीकडच्या अंगाला आहे, तिथे मेट्रो नाही. एका टर्मिनलवर उतरून दुसऱ्यावरून उडायचं असेल तर वरच्या हिशेबातून आणखी एक तास वजा करा.

आता मेट्रो. स्टेशनवर नोल कार्ड, म्हणजे भाड्याचं प्रीपेड कार्ड, घ्यायचं. सिल्व्हर कार्ड २५ दिरहमला मिळतं आणि त्यात १९ दिरहम वापरायला असतात. एकदाच जाऊन यायचं असेल तर कागदी रेड तिकीटही चालतं. सिल्व्हरवर भाडं झोननुसार ३, ५ किंवा साडेसात दिरहम, रेड तिकिटावर प्रत्येक टप्प्याला एकेक दिरहम जास्त. दिवसभराचा पास २० दिरहमचा आहे, पण या फेरीसाठी त्याची गरज नाही. आत जाताना आणि बाहेर पडताना, दोन्ही वेळा कार्ड टेकवायचं.

डब्यात चढताना खाली फरशीकडे बघा. गुलाबी पट्टा असेल तर तो डबा बायका आणि मुलांचा. बायकोच्या मागोमाग नवरा सहज त्यात शिरतो आणि १०० दिरहम दंड भरतो. दंड करणारे ‘पर्यटक आहे’ हे कारण ऐकत नाहीत. गाडीत खाणं, पाणी पिणं, च्युइंगगम चघळणं यालाही तेवढाच दंड. मोठ्या बॅगा घेऊन मेट्रोत फिरू नका, टर्मिनल १ आणि ३ वर सामान ठेवायची सोय आहे. सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते आठ या वेळात रेड लाइनला मुंबई लोकलची आठवण येईल इतकी गर्दी असते.

विमानतळावरून रेड लाइन पकडायची, सेंटरपॉइंट या टोकाच्या स्टेशनाच्या उलट दिशेची. युनियनला उतरून ग्रीन लाइनवर बदलायचं, क्रीकच्या दिशेची गाडी घ्यायची आणि तिसरं स्टेशन अल रासला उतरायचं. एक सावधगिरी: इथल्या स्टेशनांची नावं कंपन्यांना विकली जातात आणि बदलतात. जुन्या नकाशातलं ‘अल फहिदी’ आता ‘शराफ डीजी’ आहे. ‘पाम डेरा’चं ‘गोल्ड सूक’ झालं. जुना नकाशा हातात घेऊन स्टेशन शोधत बसू नका, चालू नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा.

अल रासहून पाच-सात मिनिटांवर मसाल्यांचा बाजार, स्पाइस सूक. पोत्यांच्या कडा दुमडून ठेवलेला माल असतो: वाळवून काळी पडलेली लिंबं, गुलाबकळ्या, इराणी केशर, आणि लुबान, म्हणजे धुपाचा सुगंधी डिंक. लुबानचे खडे रंगावरून निवडायचे. फिकट, हिरवट झाक असलेले आणि आत कचरा नसलेले खडे चांगले, तपकिरी झालेले हलके. भाव करायचाच असतो. सोन्याच्या बाजारात नजर फिरवा, ६४ किलोच्या आसपास वजनाची ती प्रसिद्ध अंगठी बघा, पण थांब्यात सोनं घ्यायच्या फंदात पडू नका. भारतात परतताना दागिन्यांवरची कस्टमची सवलत परदेशात वर्षभराहून जास्त राहिलेल्यांनाच मिळते. ‘कॉपी वॉच, कॉपी बॅग’ म्हणत मागे लागणाऱ्यांशी बोलणं सुरूच करू नका.

मग डेरा ओल्ड सूकच्या धक्क्यावर या. अब्रा म्हणजे लाकडी, उघडी, वर छप्पर असलेली बोट. मध्ये एक लांब बाकडं, त्यावर लोक पाठीला पाठ लावून पाण्याकडे तोंड करून बसतात, साधारण वीसेक. बाकड्याच्या मधोमध चौकोनी खड्डा असतो, त्यात डिझेलचं इंजिन आणि त्याच्याजवळ उभा किंवा बसलेला नाखवा. कठडा नसतो, पायाखालून हातभर अंतरावर पाणी. बोट भरली की सुटते, म्हणून वेळापत्रक विचारू नका. भाडं एक दिरहम. सुटं नाणं मुठीत तयार ठेवा, १०० ची नोट पुढे केलीत तर नाखव्याची अडचण होते. पाच-सात मिनिटांत पलीकडे. धक्क्यावरच ‘खास बोट’ म्हणून तासाच्या भाड्यानं विचारणारे भेटतात, त्यांना नको म्हणा आणि लोक जातात त्या रांगेत जा.

मी या खाडीचा एवढा आग्रह का धरतो? कारण दुबई इथूनच वाढली. दुबईत तेल सापडलं १९६६ साली. त्याच्या आधीच, १९५९ पासून, गाळानं भरत चाललेली ही खाडी कर्ज काढून खोल करून घेतली होती, मोठी गलबतं आत यावीत म्हणून. त्या काळी इथे रुपया चालत होता. १९५९ साली रिझर्व्ह बँकेनं आखातासाठी वेगळा ‘गल्फ रुपी’ काढला आणि १९६६ पर्यंत तो व्यवहारात होता. दिरहम आला १९७३ मध्ये. मुंबईच्या माणसाला या पाण्यावर परकं वाटू नये इतकं जुनं नातं आहे, आणि ते बुर्ज खलिफाच्या १२४ व्या मजल्यावरच्या काचेतून दिसत नाही.

बर दुबईच्या धक्क्यावरून लाकडी छपराचा कापडबाजार, त्याला लागून देवळाची अरुंद गल्ली. फुलं, हार, प्रसादाची छोटी दुकानं. शिवमंदिर जानेवारी २०२४ मध्ये जेबेल अलीला हललं, म्हणून जुन्या माहितीच्या भरवशावर शंकराचं दर्शन घ्यायला तिथे जाऊ नका. पुढे १७८७ सालचा अल फहिदी किल्ला, शहरातली सर्वात जुनी उभी इमारत, आणि त्यापलीकडे अल फहिदीची वस्ती, जुनं नाव बस्तकिया. इराणातल्या बस्तक भागातून आलेल्या व्यापाऱ्यांची ही घरं, प्रवाळाचे दगड आणि जिप्समची.

इथे घाई करू नका. एखाद्या खुल्या घरात शिरा आणि बारजीलच्या, म्हणजे वाऱ्याच्या मनोऱ्याच्या बरोबर खाली उभं राहून वर बघा. मनोरा वरून चारही बाजूंनी उघडा असतो आणि आत दोन भिंती तिरप्या, एकमेकींना छेदून घातलेल्या असतात, त्यामुळे चार त्रिकोणी नळ्या तयार होतात. वारा कुठूनही येवो, त्या बाजूची नळी तो पकडून खाली खोलीत ढकलते आणि उलट बाजूची नळी आतली गरम हवा ओढून बाहेर टाकते. हात वर केलात तर झुळूक तळव्याला लागते. विजेशिवाय वाळवंटात माणसं कशी राहत होती, हे त्या दोन मिनिटांत कळतं. १९८० च्या दशकात या वस्तीचा काही भाग पाडला गेला. जे उरलंय ते अर्ध्या-पाऊण तासात पायी बघून होतं.

ऊन मात्र गांभीर्यानं घ्या. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन या वेळात उघड्यावर काम करून घ्यायला तिथे कायद्यानं बंदी आहे. कामगारांना ज्या वेळी सावलीत बसवतात त्या वेळी आपण म्हाताऱ्या आई-वडिलांना घेऊन सूकमध्ये फिरायचं नाही. तेव्हा पारा चाळिशीपार आणि वर खाडीची दमट हवा, घाम वाळत नाही आणि अंग थंडच होत नाही. उन्हाळ्यात सकाळी लवकर किंवा सूर्यास्तानंतर जा. दुपारी बरीच दुकानंही बंद असतात, शुक्रवारी तर चारपर्यंत. नोव्हेंबर ते मार्च दिवसभर चालेल.

बुर्ज खलिफा बघायचाच असेल तर खालून बघा. ८२८ मीटरचा मनोरा पायथ्याशी उभं राहूनच मोठा वाटतो. संध्याकाळी सहापासून दर अर्ध्या तासानं कारंजं असतं आणि ते बघायला पैसे पडत नाहीत. पण मेट्रो स्टेशनपासून मॉलपर्यंतचा पूलच दहा-पंधरा मिनिटांचा आहे, आणि वर जायचं तिकीट ठरलेल्या वेळेचं असतं. विमान उशिरा उतरलं तर तुमची वेळ निघून गेलेली असते. सफारी दुपारी निघून रात्री परतते. ती दोन दिवस हातात असणाऱ्यांनी करावी.

काही फुटकळ पण महत्त्वाचं. भारतीय कार्डावर परदेशी व्यवहार निघण्याआधी बँकेच्या ॲपमधून सुरू करून ठेवा. व्हॉट्सॲपचे मेसेज जातात, कॉल लागत नाही, घरच्यांना आधीच सांगा म्हणजे ते घाबरणार नाहीत. आणि खसखस! अमिरातीत खसखशीवर बंदी आहे. हातातल्या डब्यात खसखशीवर थापलेले अनारसे किंवा खसखस घातलेला मसाला असेल तर बाहेर पडू नका. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉलच्या गोळ्या यांना आधी परवानगी लागते.

परतीला शराफ डीजीहून पुढचंच स्टेशन बुरजुमान. तिथे रेड लाइनवर बदलून या वेळी सेंटरपॉइंटच्या दिशेची गाडी. मेट्रो मध्यरात्रीपर्यंत, शुक्रवारी रात्री एकपर्यंत चालते आणि पहाटे पाचला सुरू होते, पण रविवारी सकाळी आठला. रविवारी पहाटे उतरणारे इथेच फसतात. त्यांनी टॅक्सी घ्यावी. विमानतळावरून निघताना मीटर २५ दिरहमपासून सुरू होतो, शहरातून परत येताना बराच कमी.