आलं का?

नोव्हेंबर आला की आमच्याकडे आई जिवंत असल्याचं सिद्ध करावं लागतं. अण्णा नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झालेले, त्यांची फॅमिली पेन्शन आईला मिळते, आणि हयातीचा दाखला आता मोबाईलवरच निघतो म्हणे. म्हणून आई खाली पलंगावर चष्मा लावून, ओटीपी तिच्या फोनवर येणार, आणि मी माझा फोन घेऊन गच्चीवर, कारण जेलरोडच्या आमच्या घरात नेट फक्त पाण्याच्या टाकीपाशी चालतं.

"आई, आला का?"

"कोण?"

"ओटीपी गं!"

"नाही रे!"

आणि मला एकदम आठवलं, अरे, आपण चाळीस वर्षांपूर्वी पण इथंच उभे होतो की!

१९८२च्या एशियाडला देशात रंगीत टीव्ही आला, आमच्याकडे मात्र ब्लॅक अँड व्हाईट. अण्णांनी त्याच्यापुढे प्लॅस्टिकची रंगीत काच लावून तो परस्पर रंगीत करून टाकलेला, म्हणजे बातम्या देणाऱ्या बाईंचं कपाळ निळं, हनुवटी हिरवी. जरा वारं सुटलं किंवा अँटेनावर कावळा बसला की पडद्यावर मुंग्या, की मी गच्चीवर. "आलं का?" "पांडवलेण्याकडे फिरव! अजून! आलं आलं... गेलं! हात लावलास तेव्हा आलं होतं, तसाच उभा राहा." रविवार संध्याकाळचे कितीतरी पिक्चर मी पाइप धरून नुसते ऐकलेत. शेजारचे तर मला अँटेनाचाच भाग समजायचे.

पुढं एसटीडी बूथ. रात्री ११ नंतर पाव रेट, त्यामुळे ११ला ही रांग, आणि मागून मामा विचारणार, लागला का? मीटरचे लाल आकडे बघत बोलायचं म्हणजे आत्या रडत असली तरी आपलं लक्ष रुपयांवर. मग घरात इंटरनेट आलं, मॉडेम पाच मिनिटं किंचाळायचा, आता लागणार म्हणेपर्यंत स्वयंपाकघरात कुणीतरी फोन उचलायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. मोबाईल घेतला तेव्हा इनकमिंगलाही पैसे पडायचे. ते २००३ साली फुकट झालं तरी आमचा सगळा संसार मिस्ड कॉलवरच, एक रिंग म्हणजे निघालो, दोन म्हणजे दूध आण. बायको अजूनही दोन रिंगा देऊन कट करते, अनलिमिटेड प्लॅन असून.

तर परवा मी टाकीपाशी, ऊन डोक्यावर, स्क्रीनवर सेकंद उलटे पळतायत. रिसेंड केलं. पुन्हा रिसेंड केलं. तिसऱ्यांदा पण काही नाही, शेवटी चिडून खाली आलो. आई शांतपणे शेंगा सोलत होती.

"एकही नाही आला?"

"आले की, तीन आले."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तूच म्हणालास ना, ओटीपी कुणालाही सांगायचा नाही म्हणून? आणि तू गच्चीवरून ओरडून विचारतोयस, अख्ख्या गल्लीला ऐकू जातंय. डिलीट करून टाकले मी."