ल्युमेटला शैली नव्हती? आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: अमेरिकन दिग्दर्शक सिडनी ल्युमेट नटांकडून उत्तम काम करून घ्यायचा, पण हिचकॉकची एक फ्रेम पाहून हिचकॉक ओळखता येतो तसं त्याचं नाही. ‘१२ अँग्री मेन’ म्हणजे आधी तालीम करून, मग कॅमेरा लावून चित्रित केलेलं नाटक. शिवाय ‘द विझ’सारखा संगीतपट काढणाऱ्याला थोर कसं म्हणायचं?

‘द विझ’ (१९७८) फसला, त्यावर वाद नाही. चाळीसहून अधिक सिनेमे करणाऱ्याचे काही पडणारच. पण ‘कॅमेरा लावला’ हे अजिबात पटत नाही.

‘१२ अँग्री मेन’ (१९५७) ही खुनाच्या खटल्यात निकालावर वाद घालणाऱ्या बारा ज्युरींची, म्हणजे पंचांची, गोष्ट. सिनेमा ९६ मिनिटांचा आहे आणि जेमतेम ३ मिनिटं सोडली तर सगळा एका खोलीत घडतो. रेजिनल्ड रोझची मूळ संहिता १९५४ साली टेलिव्हिजनवर झाली होती, पण तिचा दिग्दर्शक फ्रँकलिन शॅफनर होता. सिनेमासाठी ल्युमेट आणि छायालेखक बोरिस कॉफमन यांनी लेन्सचा क्रमच ठरवून घेतला. सुरुवातीला २८ ते ४० मिमी, मग ५०, ७५ आणि शेवटाकडे १०० (आकडा लहान तितकी लेन्स वाइड, म्हणजे चौकटीत जास्त भाग मावतो). कॅमेऱ्याची उंचीही उतरत जाते: पहिला तृतीयांश भाग डोळ्यांच्या पातळीच्या वरून, मधला पातळीवर, शेवटचा खालून.

चेहरा पडद्यावर तेवढाच मोठा ठेवायचा, तर २८ मिमीला ४ फुटांवर असलेला कॅमेरा १०० मिमीला साधारण १४ फुटांवर न्यावा लागतो. इतक्या लांबून माणूस आणि मागची भिंत यांच्यातलं अंतर दिसेनासं होतं, भिंत पाठीला येऊन भिडते. कॅमेरा खाली गेला की छत चौकटीत शिरतं. खोली तेवढीच राहते आणि बघणाऱ्याचा जीव घुसमटायला लागतो. ज्युरीतले लोक कोर्टाबाहेर पडतात त्या शेवटच्या शॉटला मात्र आधी कुठेही न वापरलेली सर्वांत वाइड लेन्स आहे आणि कॅमेरा सर्वांत उंचावर. तिथे मिळणारा मोकळा श्वास संवादांतून आलेला नाही.

आता तालमीबद्दल, कारण ‘नाटक’ हा शब्द तुम्ही त्यावरूनच वापरलात. पैसा तुटपुंजा होता, साडेतीन लाख डॉलरच्या आसपास. म्हणून एका खुर्चीचं लायटिंग झालं की त्या खुर्चीतले सगळे शॉट, कथेत कुठेही येवोत, एकदमच उरकायचे. यात भांडणातलं एक वाक्य आज चित्रित होतं आणि त्याचं उत्तर कित्येक दिवसांनी. आवाजाची पट्टी, शर्टावरचा घाम, नजरेची दिशा, यातलं एक जरी चुकलं तरी जोडताना दोघं वेगवेगळ्या खोल्यांत बसल्यासारखे वाटतात. टेबलाभोवती बारा जण असले की नजर तर हमखास चुकते. त्यासाठीच आधी दोन आठवडे तालीम झाली. तिच्याशिवाय हे वेळापत्रक कोलमडलं असतं.

या काटेकोरपणाचं फळ बघायचं तर चार नंबरचा ज्युरर बघा, ई. जी. मार्शल. ‘तुम्हाला घाम येत नाही का?’ या प्रश्नाला तो ‘नाही’ म्हणतो. खूप नंतर, आपण पाहिलेल्या सिनेमाचं नाव आठवताना तो अडखळतो आणि कपाळावर घाम येतो. तो रुमालाने टिपतो. एवढ्याशा गोष्टीवर त्याचा सगळा ठामपणा डळमळतो.

एका फ्रेमवरून ल्युमेट ओळखता येत नाही, हे तुमचं म्हणणं खरं आहे. प्रत्येक कथेसाठी तो नवा आराखडा करायचा, आणि माझ्या मते हीच त्याची शैली. ‘डॉग डे आफ्टरनून’ला (१९७५) सुरुवातीचं गाणं सोडलं तर पार्श्वसंगीतच नाही. टीव्हीच्या धंद्यावरच्या ‘नेटवर्क’मध्ये (१९७६) प्रकाश आधी जवळजवळ नैसर्गिक आहे आणि शेवटी जाहिरातीसारखा गुळगुळीत होतो, कारण माणसंही तशीच होत जातात. ‘द हिल’ (१९६५) घडतो लष्करी तुरुंगात, जिथे शिक्षा म्हणून कैद्यांना वाळूच्या टेकडीवर चढवतात. त्यात तर त्याने ‘१२ अँग्री मेन’चा क्रमच उलटा केला: पहिल्या तृतीयांशाला २४ मिमी, मग २१, मग १८. लेन्स वाइड होत जाते तसे कैद्यांचे आणि पहारेकऱ्यांचे चेहरे जवळून वेडेवाकडे होऊ लागतात, आणि ती वाळूची टेकडी आणखी उंच दिसते.